बाह्या सोडायच्या राहिल्या

माय,

तुला एक विचारायचं आहे. ज्यांना विचारता आलं असतं ते बाबाही आता नाहीत, म्हणून कागद घेऊन बसले. बाबांच्या त्या निळ्या स्वेटरला बाह्या सोडायच्या राहिल्या, तेव्हा तुला कळलं होतं का? आम्ही सगळे हसलो, तूही हसलीस. पण आतून काही हललं होतं का तुझ्या?

लिहायला बसलं की माझ्या हातून शाळेतलं मराठी येतं. तू मास्तरीण होतीस, तो तुझ्याच छडीचा गुण. बोलताना मात्र मी अजून मले-तुलेच करते आणि माझी लेक त्यावरून मला चिडवते. तू गेलीस तेव्हा ती बालवाडीत होती, आता तिचं लग्न तोंडावर आलंय. बापलेक पत्रिका घेऊन सिंदीला गेलेत आणि पिपरीच्या या घरात भर दुपारी मी एकटी आहे. गॅस बंद केला की नाही हे मी मघापासून तीनदा पाहून आले. बंदच आहे. आधी अशी नव्हते गं मी.

लेकीला विहारात नेसायला पांढरी साडी घेतली आहे. तिच्यावर शिवलेला ब्लाऊज नको म्हणे, विणलेला टॉप हवा, सुताचा, जाळीचा, आणि जाळीत पिंपळाची पानं. मोबाईलवर चित्र दाखवलं. मी म्हटलं, बाई, यापेक्षा चंद्र माग. पण आतून मला आनंदच झाला होता. तुझ्यानंतर लोकरीची पिशवी मी फारशी उघडलीच नव्हती. चित्रातला टॉप गळ्यापासून खाली विणलेला होता, गोल, शिवण कुठेच नाही. ते पाहून मला तू आठवलीस. आपल्या तळेगावात बाकी सगळ्या बाया खालच्या काठापासून विणायच्या, मागचं-पुढचं वेगळं करून मग जोडायच्या. तू एकटी गळ्यापासून सुरू करायचीस आणि त्या तुला हसायच्या. तू म्हणायचीस, लेकराचा गळा काही वाढत नाही फार, वाढते ती उंची. खालून उसवा आणि पुढे विणा. माझा पहिलीतला स्वेटर मी चौथीपर्यंत घातला. दर थंडीत खाली एक नवा पट्टा यायचा, आणि उरलेल्या लोकरीचा जो रंग असेल तो. पोरी मला सतरंजी म्हणायच्या आणि मी घरी येऊन तुझ्यावर भडकायचे.

टेप तू कधी वापरली नाहीस. चुलीवर भाकर टाकली की मला पाठमोरी उभी करायचीस आणि पिठाचे हात साडीला पुसून खांद्यावर वीत ठेवायचीस. या टोकापासून त्या टोकापर्यंत. तुझा अंगठा गरम असायचा. तेवढ्यात भाकर करपायची आणि बोलणी मात्र मी खायचे, की हललीस काऊन.

आणि तुझा तो लाल दोरा. जाळीचं काम एकदा उसवलं की कुठे थांबेल सांगता येत नाही, टाके भराभर खाली पळतात. म्हणून सगळं बरोबर जमलेल्या ओळीतून तू लाल दोरा ओवून ठेवायचीस. पुढे काही बिघडलं तर उसवत यायचं आणि त्या दोऱ्यापाशी सगळे टाके सुखरूप सापडायचे. मला कंटाळा यायचा. विण चांगली चाललीय तर दोरा कशाला, असं मी एकदा म्हटलं, तेव्हा तू सुई खाली न ठेवता बोललीस, "चांगलं असन तवाच दोरा ओवून ठेवजो. बिघडल्यावर कोठी ओवशीन?"

तर मी गळ्यापासून सुरू केलं. चार जागी टाके वाढवत खांदे उतरवले. पानं अशी सुरेख उमटायला लागली की शेजारच्या बाईला मी मुद्दाम दारात बसून दाखवलं. गळ्यापासून विणताना एकच गोष्ट चुकवायची नसते, हे तुझ्या पोरीला काय सांगायचं. काखेपर्यंत आलं की दोन्ही बाजूंचे बाह्यांचे टाके वेगळ्या दोऱ्यावर काढून ठेवायचे, आणि मग फक्त अंगाचं गोल विणत खाली जायचं. बाह्या सोडणं म्हणतो आपण. ते विसरणं म्हणजे पोळ्या लाटून झाल्यावर तवाच ठेवला नाही असं लक्षात येण्यासारखं आहे. मी कधी विसरले नव्हते.

गेल्या महिन्यात लेकीला म्हटलं, ये, घालून बघ. सगळे टाके दोऱ्यावर घेतले आणि तिच्या डोक्यातून सोडलं. गळा नेमका बसला, खांदे नेमके बसले. आणि ती तशीच उभी. मला म्हणाली, "मम्मी, हात कोठून काढू?"

मी पाहिलं. काखेच्या खाली चांगलं हातभर विणलं होतं मी, गोल गोल, पानांवर पानं, आणि बाह्या सोडल्याच नव्हत्या. डालग्याखाली कोंबडी झाकावी तशी माझी पोरगी उभी होती आणि आतून हात हलवून हसत होती. हसता हसता तिने मला फोटो काढायला लावला. मी काढला. पण मला हसू आलं नाही.

कारण हे मी पाहिलेलं आहे, माय. त्या दिवाळीत मी माहेरी आलेली, कडेवर हीच लेक. तू बाबांना ओसरीत बोलावलंस, निळा स्वेटर त्यांच्या डोक्यातून घातलास आणि ते असेच उभे राहिले. मग त्यांनी नक्कल सुरू केली, हात आत ठेवून अंगणभर फिरले, विहिरीपाशी गेले, गायीला विचारून आले की माहे हात पाह्यले काय. हसून हसून माझं पोट दुखलं. तू पदर तोंडाला लावून हसत होतीस. पुढल्या वर्षी तू भाजीत दोनदा मीठ घालू लागलीस. मग निवृत्तीनंतरही पिशवी घेऊन शाळेच्या वाटेने निघालीस. मग एकेक करून आम्ही सगळे तुझ्यातून गळून गेलो. कधी सुरू झालं असं डॉक्टरांनी विचारलं तेव्हा बाबांनी मिठाचं सांगितलं. मला मात्र स्वेटर आठवत होता.

तुझं तेव्हा जे वय होतं, त्या वयाला मी आता आले आहे.

टॉप मी त्याच दिवशी उसवला. पहिल्या पानांच्या ओळीत लाल दोरा ओवलेला होता, त्यामुळे खांदे वाचले. पण तेव्हापासून मी स्वतःवर पाळत ठेवून आहे. भाजी चिरताना मनातल्या मनात नागपूरच्या गाडीची स्टेशनं म्हणते, सेलू रोड, तुळजापूर, सिंदी, बोरखेडी, आणि पुढचं यायला जरा वेळ लागला की पुन्हा पहिल्यापासून सुरू करते. आत्याबाईंच्या सुनेचं नाव आठवेना तर संडासात जाऊन रडले. नाव आलं, पण रडून झाल्यावर. ह्यांना अर्धवट सांगून पाहिलं. ते म्हणाले, लग्नाच्या घरी कोणाचं डोकं ठिकाणावर असतं, मीच काल चष्मा घालून चष्मा शोधत होतो. खरं असेल. माझ्यासारखीला रात्रंदिवस पाहुण्यांच्या याद्या, बांगड्या, आचारी, त्यात एखादी गोष्ट राहणारच. असं मी स्वतःला समजावते आणि पाच मिनिटांनी परत गॅस पाहून येते.

मोठ्या दवाखान्यात नंबर लावून ठेवला आहे, उद्याचा. दोनदा लावला आणि दोनदा गेले नाही, हा तिसरा. भीती आजाराची तर आहेच, पण त्याहून पोरीची. ऐन लग्नात तिला हे सांगायचं? तिचं सासर पुण्याकडे आहे. हे कळलं तर ती जाईल का मोकळ्या मनाने? की दर फोनला माझी परीक्षाच घेत बसेल, काल काय जेवलीस, आज वार कोणता? नाही सांगायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. लग्न होऊ दे, मग बघू.

मग परवा तुझी पिशवी झाडताना तळाशी एक मफलर निघाला, अर्धवट, खाकी. तो हातात घेऊन मी खालीच बसले. त्या निळ्या स्वेटरनंतर तू मफलरच विणलेस, माय. फक्त मफलर. बाबांना, पोस्टमनला, शाळेच्या शिपायाला, अख्ख्या आळीला. मी तुला चिडवलं होतं की तळेगावात आता मान उघडी ठेवायला बंदी आहे का. तू म्हणालीस, "आता बाह्याचं नाई विनत व. मफलर बरा. सरका अस्ते."

सरळ असतो. न गळा, न बाह्या, न काही सोडायचं, न आठवण ठेवायची. तुला कळलं होतं. पहिल्याच दिवशी कळलं होतं, आणि तू कोणालाही न सांगता एकटीने त्याच्याशी झुंजत राहिलीस, मफलरावर मफलर. मला इतका राग आला तुझा. आम्हाला काऊन नाही सांगितलंस? तुला काही बोलायचं असेल, मला काही विचारायचं असेल, तेव्हा तू चांगली होतीस गं. नंतर मी विचारायला आले तेव्हा तू कोणालाच ओळखत नव्हतीस.

काल दुपारी मी पुन्हा काखेपर्यंत आले. लेकीला हाक मारून जवळ बसवलं आणि म्हटलं, मोबाईल ठेव, हे पाहा कसं करतात. बाह्यांचे टाके तिच्या हातून दोऱ्यावर काढून घेतले. तिची बोटं अडखळत होती, दोन टाके सुटले, ते मी उचलून दिले. मग सांगितलं सगळं. निळा स्वेटर, मीठ, मफलर, उद्याचा नंबर. ती रडेल असं वाटलं होतं. ती दोऱ्याची गाठ मारून म्हणाली, "दोनदा गेली नाई ना तू? मग आता मी नेते." एवढंच. थोड्या वेळाने तिने विचारलं की आजी शेवटी काहीच ओळखायची नाही का. तेव्हा मी तिला तो दिवस सांगितला.

तुझा शेवटचा उन्हाळा. मी तुझ्या खाटेपाशी तुला पाणी द्यायला वाकले होते. तू मला म्हणालीस, "कोनाची व तू बाई?" मी म्हटलं, तुहीच. तुला ते पटलं नाही. पण तू हात वर केलास, माझ्या खांद्यावर वीत ठेवलीस, या टोकापासून त्या टोकापर्यंत नेलीस आणि पुन्हा एकदा तीच नेऊन पाहिलीस. मग म्हणालीस, "माह्या पोरीचेबी असेच हायेत. एक वीत न् आठ बोटं. तिच्यासाठी विनून राह्यली मी." मी बाहेर ओसरीत जाऊन रडले. बाबा म्हणाले, ओळखलं नाही म्हणून वाईट वाटून नको घेऊ. मी मान हलवली. त्यांना काय सांगणार होते, की तू ओळखल्यामुळेच मी रडत होते.

बापलेक आता येतीलच, फाटकाचा आवाज झाल्यासारखा वाटला. हा कागद पिशवीत तुझ्या खाकी मफलराखाली ठेवते. उद्या काय निघेल मला माहीत नाही. टॉप काखेच्या खाली चार बोटं आला आहे, लाल दोरा अजून काढलेला नाही. फक्त एक तुला सांगायचं राहिलं. आज सकाळी लेक निघताना मी तिला पाठमोरी उभी केली आणि माप घेतलं. खांदे केव्हाचे विणून झालेत, मापाची काही गरज नव्हती. तिलाही ते माहीत होतं. ती हलली नाही, आणि मी डोळे मिटून पुन्हा एकदा वीत टाकली.