आठला निघायचं, आठलाच पोचायचं

रविवार, १ जून १९८६

तौनोचा फोन! मी नुकती सौनाच्या वाफेतून निघालेली, केसांतून पाणी गळतंय, अन् हा म्हणतो – "आउने, लग्न कर माझ्याशी. स्टॉकहोमला ये राहायला."

म्हटलं, "अरे, टॉवेल तरी गुंडाळू दे!"

शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा. आता त्याला बायको नाही, मला नवरा नाही. पण गाव सोडू? माझा सौना, माझे बटाटे? "तूच ये की इकडे," म्हटलं. तर फणकारला – "चोवीस वर्षं झाली फिनलंड सोडून. तिकडचं काही आठवत नाही मला!"

आठ दिवस राहून बघते, एवढंच कबूल केलं.

बुधवार, ४ जून

लेक म्हणते जहाजाने जा. नको! रात्रभर दारुडे गातात. विमानानेच जाणार. तुर्कू ते स्टॉकहोम पावणेतीनशे किलोमीटर, तासाभराचं काम. अन् मजा म्हणजे स्वीडनचं घड्याळ आपल्यापेक्षा तासाने मागे. इथून आठला निघायचं, तिथे आठलाच पोचायचं! येताना मात्र दोन तास जाणार.

म्हणजे तौनोकडे जायला वेळच लागत नाही, त्याच्यापासून सुटायलाच लागतो!

"आई, त्या बिचाऱ्याला हे ऐकवू नकोस हं," लेक म्हणाली.

ऐकवणारच!

रविवार, ८ जून

ऐकवलं. हसला नाही. मग म्हटलं, "उद्या आठला पोचते. तिकिटाची किंमत बघून छातीत कळ आलीय, वाटेत मेले तर फुलं परत कर हो!"

तरी हसला नाही. म्हातारा झाला मेला.

सोमवार, ९ जून

निघाले. चावी पायरीखाली. दाराला झाडू टेकवला – घरात कुणी नाही, गावाला कळावं. भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोला म्हटलं, ओन्नी, रुसू नकोस, नुसती बघायला चाललेय.

तोच दिवस, स्टॉकहोम

तौनो नाही! विमानतळावर कितीतरी वेळ बसले. रडू आलं. शेजारची बाई बघत होती, म्हणून शिंकल्याचं सोंग केलं. जास्तच चिडवलं का मी त्याला?

शेवटी टॅक्सीने त्याच्या घरी. शेजारणीने दार उघडून दिलं. "तो तर पहाटेच गेला, फुलं घेऊन!"

स्वयंपाकघरातलं घड्याळ तासाने पुढे. बिघडलं असेल. झोपायच्या खोलीतलंही तसंच. गजराचंही! सगळी आपल्या फिनलंडच्या वेळेवर. काही आठवत नाही म्हणे!

मग उमगलं. हातातलंही तसंच असणार. हा त्याच्या आठला पोचला, तेव्हा मी तुर्कूत विमानात चढत होते.

मग गेला कुठे?

संध्याकाळी

फोन वाजला. "आउने? जिवंत आहेस!"

"तू कुठे तडमडलायस?"

"तुझ्या स्वयंपाकघरात." मग – "आली नाहीस, फोन उचलेनास... छातीत कळ म्हणाली होतीस. मिळेल त्या विमानात चढलो. दाराला झाडू दिसला तेव्हा जिवात जीव आला. म्हटलं, बाई बाहेर गेलीय, म्हणजे माझ्याकडेच!"

"विमानतळभर घड्याळं टांगलीत रे, गाढवा!"

"मी आपलं माझंच बघतो."

"अन् फुलं?"

"तुझ्या बादलीत."

मंगळवार, १० जून

सकाळीच फोन. "तुझे बटाटे खुरपतोय. झाडू आत ठेवलाय, आता दाराला लावायचा नाही. मी इथेच राहतोय. सौना तापवतो, तू निघ."

दोन तास! एवढा वेळ कशाला लागतो मेल्या विमानाला?