मोटर बंद असताना

ताईस, धाकट्याचा वाकून नमस्कार.

मी मजेत आहे, जेवणखाण वेळेवर होतं. तुझे गुडघे काय म्हणतात?

इथे मी लिफ्टच्या मोटरी कानाने तपासतो. स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरला आणि मूठ कानाला लावली, की बेअरिंगचं दुखणं कळतं. गेल्या आठवड्यात घरघर ऐकून एक मोटर उघडली, तर आत सगळं ठणठणीत. मग मोटर बंद असतानाही घरघर ऐकू येऊ लागली. आता नाश्ता करतानाही येते.

शेजारच्या खोलीतले मास्तर तत्त्वज्ञान शिकवतात. त्यांना हे सांगितलं, तर म्हणाले, "एका जुन्या विचारवंताने सगळ्यावर शंका घेतली. शेवटी एकच खात्री उरली, की शंका घेणारा मी तरी आहे."

म्हटलं, "मास्तर, तो खोलीत एकटा होता. माझ्या लिफ्टमध्ये आठ माणसं चढतात."

मास्तर हसले. मी मात्र तेव्हापासून तपासणीच्या कागदावर सही केलेली नाही. साहेबांना सांगितलंय, सर्दीने माझे कान बंद झालेत.

ताई, शेवटी शेवटी बाबा रिकाम्या घरात "कोण बोलतंय?" म्हणून विचारायचे. त्याची सुरुवात घरघरीनेच झाली होती का? मी लहान होतो, तू जवळ होतीस. माझं मन राखू नकोस, असेल ते लिही.

तुझ्या उत्तराची वाट पाहणारा,
धाकटा