बाबांच्या बैलाचं डावं शिंग

जुबा, ९ फेब्रुवारी

चि. माकुर यास अनेक आशीर्वाद.

बाबांचा ताप उतरला, वाचाही परत आली. डावा हात मात्र खांद्यापासून गेला. डॉक्टर म्हणतात, आता तो असाच लोंबणार. गुरांच्या तळावर परतायचं नाव काढलं की बाबा भिंतीकडे तोंड फिरवतात. ज्याला नाचताना आपल्या बैलाची शिंगं हातांनी दाखवता येत नाहीत, त्यानं तिथं उभं राहून काय माशा हाकायच्या, असं म्हणाले. त्यांच्या नव्या खोंडाची शिंगं तासून कशी वळवायची विचारलं, तर म्हणाले, विकून टाका. ज्यांना जन्मभर बैलाच्या रंगावरून हाक मारली गेली, त्यांच्या तोंडी हे!

तुझं डोकं केस रंगवण्यापलीकडे चालत नाही, ठाऊक आहे. पण आता चालव.

लोभ दुभता ठेव.
तुझी ताई, आलुएल

नदीकाठचा तळ, २ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

केसांना नावं ठेवू नकोस, पोरी वळून बघतात. खोंड विकला नाही, परवा त्याची शिंगं तासून घेतली. तासणारे धिएउ म्हातारे आधी माझ्यावर उखडले. उजवं वर आणि डावं गालावरून खाली, अशी बापाच्या बैलाची शोभा करतोस होय, म्हणाले. मी उजवा हात वर केला आणि डावा लोंबता सोडला. मग भाल्याचं पातं राखेनं पुसून त्यांनी डावं शिंग तिरकं कापलं. आता ते वाढेल तसं खाली वळेल, पण पुरतं वाकायला दोन पावसाळे लागतील. तोवर बाबांना कळू देऊ नकोस.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा माकुर

नदीकाठचा तळ, दोन वर्षांनी, १४ जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

मी आजारी असल्याची तुझी थाप लागू पडली. बाबा काल मासळीच्या ट्रकमधून उतरले, मला धडधाकट पाहून काठी उगारली आणि तशीच धरून राहिले. त्यांचा खोंड, आता बैल झालेला, समोर आला होता: उजवं शिंग वर, डावं गालावरून खाली.

काठी खाली पडली. उजवा हात मात्र वरच राहिला, ताई. डाव्याला काही करावंच लागलं नाही. मग ते गाऊ लागले. मागं वळून पाहिलं तर अख्खा तळ नाचत होता, धिएउ म्हातारेसुद्धा. सगळ्यांचा उजवा हात वर होता आणि डावा लोंबता.

तुझा माकुर