समुद्राला इस्त्री

२ मार्च
नोकरी लागली, खोली मिळाली, आणि खोलीला चक्क खिडकी आहे! आणखी काय हवं माणसाला? जुन्या चित्रपटांच्या संग्रहालयात फिल्म दुरुस्त करायचं काम आहे. फाटलेलं सांधायचं, कुजलेलं कापायचं. साहेबांच्या बोटांना कायम डिंकाचा वास, म्हणून सगळे त्यांना डिंककाका म्हणतात. त्यांनी आल्याआल्या नियम सांगितला: कात्री लावण्याआधी फिल्म एकदा सबंध पाहायची. अर्थ लावत बसायचं नाही, त्याचा पगार मिळत नाही. संध्याकाळी बाबांना फोन केला. ते म्हणाले, ताई असती तर गल्लीभर सांगत सुटली असती. आई गेल्यावर ताईनंच मला वाढवलं. गेल्या वर्षी साध्या तापाचं निमित्त होऊन तीही गेली.

४ मार्च
आज पहिली फिल्म पाहिली. नाव नाही, आवाज नाही, शेंडा ना बुडखा. जेवणाच्या टेबलाशी माणसं छत्र्या उघडून बसली आहेत आणि ताटांतून वर पाऊस पडतोय. कपाट उघडलं की आत रस्ता, रस्त्यावर चष्मा पुसत चाललेला घोडा. मी आपला हसत होतो. मग किनारा आला. एक बाई टेबल मांडून समुद्राला इस्त्री करत होती. लाट उचलायची, अंथरायची, कडेपासून सुरुवात करायची. तिनं मान वर केली.

ताई होती. इस्त्री तापली का ते ओलं बोट लावून बघायची तिची खोड, तसंच बघितलं, चटका बसला आणि हसली. मी लहान मुलासारखा रडलो. दिवे लागल्यावर डिंककाकांना विचारलं, ती बाई कोण? ते म्हणाले, कुठली बाई? तिथं नुसता किनारा आहे.

५ मार्च
किनाऱ्याच्या भागाला कुजका आंबट वास येतोय. ही कीड पसरत जाते, वेळीच कापलं नाही तर सगळ्या रिळाचा चिकटून लगदा होतो. ताई हसते तोच तुकडा बुडबुडे येऊन गेला होता. बाकीची तरी वाचावी म्हणून काळजावर दगड ठेवून कापला.

बाबांना फोन करून म्हटलं, ताईचं हसणं आठवतंय का? ते म्हणाले, ती कधी हसायची का रे? गंभीरच पोर ती. मी वाद घालायला तोंड उघडलं, आणि मलाही ते हसणं आठवेना.

९ मार्च
चार दिवस कात्रीला हात लावला नाही. तरी कीड पुढे सरकली, तिच्या हातांवर आली. शेवटी हातांचा तुकडाही कापला. चेहरा वाचवायला हवा ना.

बाबा म्हणाले, तुझे शाळेचे कपडे मीच इस्त्री करायचो. मला खरंच वाटलं ते.

१२ मार्च
डिंककाकांना सगळं सांगितलं. वाटलं, वेड्यात काढतील. त्यांनी बोटांवरचा डिंक खरवडला. मग म्हणाले, तरुणपणी मीही याच रिळातून कुणालातरी कापलंय. कुणाला, ते आठवत नाही. जेवायला बसताना अजून दोन ताटं घेतो, आणि एक परत ठेवतो.

विचारलं, फार त्रास होतो का? म्हणाले, तेच तर. काहीच होत नाही.

१५ मार्च
चेहरा उरलाय. एवढाच. कडेनं बुडबुडे — डब्यात ठेवलं, गार खोलीत ठेवलं, काही उपयोग नाही. बाबा म्हणाले, कोण ताई? राँग नंबर लागल्यासारखे बोलले. मी ओरडलो त्यांच्यावर. बिचारे घाबरले.

ताई. ताई. ताई. म्हणत राहायचं. झोपायचं नाही —

१६ मार्च
झोप लागली.

१७ मार्च
फिल्ममध्ये एक बाई आहे. किनाऱ्यावर. ओठ हलतात तिचे, कुणाला तरी हाक मारतेय. अर्धा चेहरा कुजलाय. डिंककाका म्हणाले, काप, नाहीतर घोडाही जाईल. बरोबर आहे त्यांचं.

कापायला घेतलं, पण कात्री मिटवत नाही. डोळ्यांतलं पाणी थांबेना, कशाचं तेच कळत नाही — ती माझ्याकडेच बघतेय. अगदी मायेनं. बाबांना विचारावं का, आपल्या घरात आणखी कुणी