बियाण्याचे मडके

आबा, परवा गेवराईच्या बाजारातून कापसाची गाडी भरलेली तशीच परत आणली. तुम्हाला जाऊन नऊ वर्षे झाली. या नऊ वर्षांत तुमचा राग कधी आला नाही असे नाही, पण असा आला नव्हता. मायसमोर तुमच्याविषयी वाकडा शब्द काढता येत नाही, म्हणून लिहायला बसलो. शाळा चार इयत्तांवर सुटली, तरी अक्षर तुम्हाला आवडायचे तसे घोटीव काढतो आहे. एक शब्द चुकला की कागद बदलतो. हा तिसरा कागद.

बाजारात मुंबईच्या व्यापाऱ्याचा माणूस येतो. तो गाडीत कोपरापर्यंत हात घालून तळाचा कापूस काढतो, दोन्ही अंगठ्यांनी ओढून त्याचे तंतू आपल्या काळ्या कोटाच्या बाहीवर मांडतो. आमचे तंतू त्याने मांडले तेव्हा मला मान वर करवेना. काही आखूड, काही त्याहून आखूड, आणि सगळे राठ. तो शांतपणे म्हणाला, "हा माल जहाजाने पाठवला की तिकडच्या गिरणीत सूत तुटते आणि तारेने शिव्या मला येतात. याच्या गाद्या भरा." मग त्याने विचारले, तुमच्या मुलखातला तो जुना कापूस कुठे गेला, लांब धाग्याचा, रेशमासारखा? तो आणलास तर मागशील तो भाव देईन. मी काही बोलायच्या आत आपल्याच गावचा एकजण मागून बोलला, "त्यो व्हय? त्यो ह्येच्या बापानं म्हशीला चारला." सगळे हसले. तो माणूसही हसला.

आबा, गावात अजून हेच बोलतात. आणि बोलणाऱ्यांनीच तुमचे ऐकून आपापले बियाणे सोडले होते. कापसातली सरकी काढायचा कारखाना नवा सुरू झाला, तेव्हा पहिली गाडी तुम्ही नेली. परत आलात ते निराळेच होऊन. सातासमुद्रापारचा भाव तारेवरून रोज तिथे येतो म्हणालात. जाड जातीचा कापूस एकरी जास्त निघतो आणि कारखानदार जाड-बारीक दोन्हींना एकच भाव देतो, मग बारीक धाग्याचे लाड कशाला, असा तुमचा हिशेब. पारावर तुम्ही सांगत होता ते मला लख्ख आठवते: "जहाजात समदा कापूस येकच. तिकडं कोन बघतंय?" तिकडे बघतात, आबा. एकेक तंतू ओढून बघतात. तुम्हाला माहीत नव्हते तर माहीत नाही म्हणायचे होते. पण तुम्हाला ते म्हणता येत नव्हते, कारण सगळा गाव तुमच्या तोंडाकडे बघत होता.

मायची रीत तुम्हाला आठवते का? पहिल्या वेचणीला ती बांधाकडच्या झाडाखाली दहीभात ठेवायची आणि त्या दिवशीची बोंडे विकायची नाही. थंडीभर लाकडी रेच्यावर तो कापूस हाताने रेचायची, रुई वेगळी, सरकी वेगळी. त्या सरकीतलीही टपोरी तेवढी निवडून, राखेत घोळून मडक्यात भरायची आणि मडके उतरंडीच्या वरच्या टोकाला ठेवायची. पेरणीला तेच बियाणे. तिच्या सासूकडून तिला मिळालेले, सासूला तिच्या सासूकडून.

मग तो दिवस आठवा. चुलीवर भाकरी चालली आहे. माय म्हणते, पेरायला आणलेली कारखान्यातली सरकी दहा गावची, कशात काय मिसळलंय कुणाला ठाऊक. तुम्ही हसता. "येडी हाईस का? येका दिसात यंत्र गाडी मोकळी करतंय, अन् तू काहून हात झिजवतीस? ते मडकं दे म्हशीला, दूध तरी वाढंल." एवढे बोलून तुम्ही बैलांना पाणी पाजायला गेलात आणि मडके गव्हाणीत रिकामे झाले. आठवडाभर दुधावर बोटभर साय येत होती. तुम्ही ती मायपुढे ओठ पुसत खाल्लीत.

पुढल्या वेचणीला मायने दहीभात नेला नाही. तुम्ही विचारलेत तेव्हा म्हणाली, "कुनाला ठिवू? कारखान्याच्या सरकीला?" तुम्ही तिला गप्प बसवलेत. नव्या सरकीच्या सहाव्या वर्षी शेतात दोन झाडे एकसारखी राहिली नव्हती. ते बघायला तुम्ही नव्हता.

काल मावशीच्या गावी जाऊन आलो, वाटेतली गावेही विचारली. पसाभर बी कुणाकडे नाही. मावशीचा सासरा म्हणाला, "तुज्या आबानं सांगितलं तवाच सोडलं की." घरी येऊन मायला सांगितले. ती उठली आणि तिने आपली उशी उसवली. हाताने रेचलेला शेवटचा कापूस त्या उशीत होता. तिने चिमूटभर ओढून माझ्या काळ्या घोंगडीवर मांडला. आबा, माझ्या बोटाच्या सबंध पेराएवढा लांब धागा, दहा-अकरा वर्षे डोक्याखाली दबूनही चमकत होता. एखादी सरकी चुकून राहिली असेल म्हणून आम्ही दोघांनी सगळी उशी पिंजली. एकही निघाली नाही. मायचे काम स्वच्छ होते.

इथवर चूक न करता लिहिले. आता जे राहिले ते लिहितो. बाजारात ते लोक हसले तेव्हा मी त्यांचे बोलणे खोडले नाही. तुम्ही नुसते बोलून गेलात. उतरंडीवरून मडके काढून गव्हाणीत ओतले ते मी. माय म्हणाली होती, "तुज्या आबांना यिऊ दे, मी बोलते त्यांच्यासंगं. तवर थांब." मी थांबलो नाही. दर थंडीत रेचा फिरवून माझे खांदे भरून येत, आणि ते आता सुटले याचा मला आनंद झाला होता. साय मीही खाल्ली.

राग आहे, तो या कागदाने कमी झालेला नाही. मायने मात्र हे आजवर कुणाला सांगितले नाही, काल उशी पिंजताना मलाही बोलून दाखवले नाही. तिला वाचता येत नाही. तरी हा कागद तिच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवतो आहे.