केस कापणे, विनय

रविवार, १२ ऑगस्ट २००१, रत्नागिरी

विनय जानेवारीत गेला, तेव्हापासून त्याचा कॉम्प्युटर झाकलेलाच होता. आज त्याचे धाकटे भाऊ, संदीपभाऊजी, अलोऱ्याहून आले, त्यातले घरखर्चाचे हिशेब नव्या कॉम्प्युटरवर न्यायला. फाईल बिघडली होती. ती दुरुस्त होऊन उघडली, तशा विनयने दरमहा आपोआप पडायला लावलेल्या नोंदी भराभर पडत गेल्या. भाऊजी मोठ्याने वाचू लागले, "फेब्रुवारी, केस कापणे, विनय. मार्च, केस कापणे, विनय..." आणि थांबले.

मेलेल्या माणसाचे केस दर महिन्याला कापले जात होते.

"वहिनी, ह्या काढतो. नाहीतर शिल्लक जुळायची नाही."

"काढा."

काढल्या. जुळली.

इतक्यात सासूबाई आतून आल्या. हल्ली त्यांच्या काही लक्षात राहत नाही. "विनयचं नाव काढलंत ना? आला काय गो तो?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "केस कापायला गेलाय, आई."

का म्हणाले मी असं? केस कापायला!

"बरं," म्हणून त्या पडवीत जाऊन बसल्या. काळोख पडत आला. अजून फाटकाकडे बघत बसल्यात, आणि त्यांना आत बोलवायचा मला धीर होत नाही.