चपला उशाशी

ता. १४, शनिवार

चि. प्रोफेसर,

अनेक आशीर्वाद. रीत म्हणून लिहिले, मनापासून द्यायला अजून वेळ लागेल. लहानपणी भिंतीवर खडूने लिहून सगळ्यांना शिकवायचास म्हणून बाबांनी तुला हे नाव ठेवलं. तू ते खरं करून दाखवलंस.

इकडे सगळं ठीक. गच्चीवरची टाकी पुन्हा गळते आहे. दवाखान्यात मला या महिन्यात दुपारपाळी आहे. आई बरी आहे. तुझे फोन मी मुद्दाम उचलले नाहीत. तोंडाला येईल ते बोलले असते. लिहिताना निदान मध्ये उठून पाणी पिता येतं.

व्याख्यानाला तू आईला पहिल्या रांगेत बसवलंस. ती आठवडाभर शेजारपाजाऱ्यांना सांगत होती, माणसं घर सोडून का जातात याचा सिद्धांत माझा मुलगा मांडणार आहे. पडद्यावर तू दोन टिंबं काढलीस, मध्ये बाण. तोवर ती मान डोलवत होती. मग तू म्हणालास, एक फिटर घ्या. माणूस पोटासाठी जातो हे जुन्या अभ्यासकांनी सांगितलं, पण तो खरा कुठे राहतो हे पगारावरून कळत नाही, कुठे निर्धास्त होतो त्यावरून कळतं. या फिटरला दोन घरं. रजेवर बायकोकडे आला की चपला उशाशी घेऊन झोपायचा. कारखान्याजवळच्या दुसऱ्या बाईकडे मात्र त्या दाराबाहेर काढायचा. "म्हणजे स्वतःच्या घरी तो पाहुणा होता," असं तू म्हणालास आणि टाळ्या पडल्या.

नाव बदललंस, कारखाना बदललास. चपला तेवढ्या ठेवल्यास. अरे, त्या चपलांवरून आई जन्मभर बाबांशी भांडली. तू त्याच खोलीत झोपायचास.

दुसऱ्या बाईचं आम्हाला काहीच माहीत नव्हतं. तुला ती पाहणीत सापडली, तू तिच्यासमोर बसून प्रश्न विचारलेस, आणि आम्हाला सांगायच्या आधी भरल्या सभागृहाला सांगितलंस. मेलेल्या नवऱ्याचं असं काही बाईनं कुठल्या कानांनी ऐकायचं? आई बाकीच्यांबरोबर टाळ्या वाजवत होती. हात थांबवायचं तिला सुचलंच नाही. ते हात डोळ्यांपुढे आले की तुझ्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

वर लिहिलं की आई बरी आहे. बरी आहे, पण इथं नाही, एवढं तुला कळवलंच होतं. मंगळवारी पिशवी भरली आणि निघाली. मी सोबत येते म्हटलं तर म्हणाली, "नको. तू मध्ये बोलशील." कारखान्याच्या वसाहतीत विचारत विचारत त्या बाईच्या घरी पोचली. दुसऱ्या दिवशी तिथूनच फोन केला.

"शिवणकाम करते ती," आई म्हणाली. "मला बघून उठली, खुर्ची पुसली. मी बसलेच नाही. उभ्यानं विचारलं, ते चपला कुठे काढायचे? तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली, उशाशी. इथंही उशाशीच."

"मग दाराबाहेर हे कुठून आलं?"

"अगं, तिनं आपल्या प्रोफेसरला दारातच ओळखलं. हनुवटी बापाचीच ना त्याची. आणि हा परक्यासारखा वही उघडून विचारत बसला. मग तिनंही सांगितलं दोन शब्द वाढवून. तिच्या जागी मी असते तर मीही सांगितलं असतं."

ऐकलंस? सवतीच्या मुलासमोर एका बाईनं स्वतःची लाज राखली आणि तू त्यावर सिद्धांत उभा केलास. तुझं पुस्तक येणार आहे ना, त्यातून तो काढ. आई तिच्याकडे आहे हे मी तुला एका ओळीत कळवलं, तर तुझा निरोप काय, "दोघींची एकत्र मुलाखत मिळाली तर फार मोलाची ठरेल." हे लिहिताना तुझा हात कसा अडखळला नाही?

तुझ्यावर राग आहेच. बाबांवरही आहे, पण तो काढू कुणावर? ते दोन्हीकडे निघायच्या तयारीतच झोपले. आणि मी इतकी वर्षं धरून बसले होते की आमचंच काहीतरी कमी पडत असेल, म्हणून ते थांबत नाहीत. तुझ्या आकृतीत मी कुठे होते रे? बाबांची रजा संपायची त्या दिवशी त्यांच्या चपला लपवून ठेवणारी मीच होते.

आई कधी परत येईल ते सांगत नाही. दोघी मिळून शिवणाचं काम उरकतात म्हणे. काल एवढंच म्हणाली, "ती विचारते, तुमचा मुलगा पुन्हा येईल का. मी म्हटलं, येईल. पण ह्या खेपेला त्याला दारातच विचार, कोण म्हणून आलास."

तेव्हा उत्तर ठरवून जा. वही घरी ठेव. आणि तिच्याकडे गेलास की चपला दाराबाहेर काढ. बाबांनी तिथंही त्या कधी बाहेर काढल्या नाहीत.

तुझीच,
ताई